ओळीत घुसलेली ओळ

लाल मिरचीचा हंगाम लागला की नंदुरबारच्या बाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते आणि वारा फिरला की अर्धं गाव ठसकतं. त्या दिवसांत आमची कॉम्प्युटर लॅब खिडक्या लावून चालते. पंखा कोंदट हवा ढवळत असतो, कोपऱ्यात कोणीतरी शिंकतं, आणि पडद्यावर 'कॉन्फिगर' नावाच्या स्क्रिप्टच्या ओळी खालून वर सरकत राहतात. मुलांना हे सरकणं फार आवडतं. सिनेमातले हॅकर असंच काहीतरी करत असतात असा त्यांचा समज आहे आणि मी तो मोडत नाही. सी भाषेची गोडी लागायला एवढं निमित्त पुष्कळ झालं.

प्रत्यक्षात पडद्यावर चाललेली असते ती एक चौकशी. एखादं सॉफ्टवेअर मूळ कोडपासून बांधायला घेतलं की ही स्क्रिप्ट आधी मशीनची उलटतपासणी घेते. कंपायलर आहे का? आहे. त्याने बनवलेला प्रोग्राम चालतो का? चालतो. अमुक हेडर फाईल आहे का? आहे. तमुक फंक्शन? नाही. असे शेदोनशे प्रश्न सहज होतात. त्यातला एक माझ्या विशेष लाडाचा आहे: "बिल्डचं वातावरण शहाणं आहे का?" आणि पुढे ठासून, "हो." मे महिन्यातल्या नंदुरबारी दुपारी, वीज येऊन-जाऊन असताना, या प्रश्नाला बेधडक "हो" म्हणणारी आमच्या इमारतीत ती एकटीच. खरं म्हणजे ती फार खोलात शिरत नाही. एक नवी फाईल बनवते आणि ती स्क्रिप्टपेक्षा नवी दिसते का तेवढं बघते. म्हणजे मशीनचं घड्याळ जागेवर आहे की नाही, एवढाच शहाणपणाचा निकष. आमच्या लॅबमधल्या एका मशीनचा आतला सेल संपलेला आहे. वीज गेली की ते थेट काही वर्षं मागे जाऊन पडतं. मग स्क्रिप्ट तक्रार करते की आत्ता बनवलेली फाईल जुन्या फाइलींपेक्षा जुनी निघाली, घड्याळ बघा, आणि तिथेच बैठक मारते. इतकी सोपी परीक्षा, पण तिच्यातही नापास होणारे असतातच.

चौकशीची ही तऱ्हा 1991 सालची. त्या काळी युनिक्स एक नव्हतं. सनचं वेगळं, एचपीचं वेगळं, आयबीएमचं तिसरंच. एकाच कामाचं फंक्शन एका घरी असायचं, दुसऱ्या घरी नसायचं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी काम करणाऱ्या डेव्हिड मॅकेन्झीने या वैतागातून ऑटोकॉन्फ लिहिलं. त्यामागचा विचार सरळ होता: मशीनचं नावगाव विचारत बसू नका, जे हवं ते करून बघा. झालं तर आहे, नाही झालं तर नाही. विचार उत्तम. पण स्क्रिप्ट लिहिणारी माणसंच. करून बघण्यापेक्षा कुठेतरी वाचून घेणं सोपं, असं त्यातल्या पुष्कळांना वाटलं. आणि वाचायला आयता मजकूर हाताशी होता. तो प्रीप्रोसेसर नावाच्या गरीब प्राण्याचा.

सी भाषेतला कोड कंपायलरच्या पुढ्यात जातो तो प्रीप्रोसेसरच्या हातून. हॅश इन्क्लूड दिसलं की ती फाईल आणून तिथे ओतायची, हॅश डिफाईनने कोणाला टोपणनाव दिलं असेल तर त्या जागी खरी किंमत बसवायची, नको तो भाग गाळायचा, एवढंच त्याचं काम. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची सी घडवत होता तेव्हा सुरुवातीला हा नव्हताच. 1972-73 च्या सुमाराला ॲलन स्नायडरने आग्रह धरला म्हणून आला, पुढे माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी त्याला आणखी कामं शिकवली. भाषेतलं त्याला फारसं कळत नाही. फंक्शन कशाला म्हणतात हे ठाऊक नाही, चलाची ओळख नाही. शब्द दिसला, बदलला, पुढे सरकवला.

कंपायलरला 'डॅश ई' असं सांगितलं की तो इथेच थांबतो आणि हा मधला मजकूर बाहेर टाकतो. वर्गात मी "हॅलो वर्ल्ड"चा पाच ओळींचा प्रोग्राम घेऊन हे करून दाखवतो. शेकड्यांनी ओळी धबाधबा बाहेर येतात आणि अगदी तळाशी आपल्या मोजक्या. "सर, एवढं आम्ही कुठे लिहिलं?" हा प्रश्न दर वर्षी येतो आणि तो आल्याशिवाय मला तास झाल्यासारखा वाटत नाही.

तर हा मजकूर कंपायलरने वाचावा म्हणून असतो. दोघांमधला खासगी व्यवहार. तो कसा दिसेल, ओळ कुठे मोडेल, मोकळी जागा किती सुटेल, याबद्दल कोणी कोणाला शब्द दिलेला नव्हता. पण वर्षानुवर्षं तो एकसारखाच दिसत राहिला, आणि एकसारखं दिसणाऱ्या गोष्टीवर माणसाचा विश्वास बसतो. एक्स विंडो या ग्राफिक्सच्या प्रणालीत एक्सआरडीबी नावाची आज्ञा आहे, ती रंग-आकाराच्या सेटिंगची फाईल प्रीप्रोसेसरमधून काढते. त्याच एक्सवाल्यांनी आयमेक नावाचं अवजार बनवलं आणि मेकफाईल प्रीप्रोसेसरकडून लिहून घेतल्या. सी भाषेसाठी नेमलेल्या माणसाला घरची भाजी आणायला पाठवावं तसला हा प्रकार 2005 च्या अखेरीस एक्सची सातवी आवृत्ती ऑटोकॉन्फवर आली तेव्हा कुठे आवरता घेतला गेला.

या विश्वासाला बसलेला पहिला धक्का तसा किरकोळ होता. मार्च 2013 मध्ये जीसीसी या कंपायलरची 4.8 आवृत्ती आली. तेव्हापासून प्रीप्रोसेसर कोणी न सांगता एक छोटी हेडर फाईल आधी आत घेऊ लागला. कारण रास्त होतं. सीच्या नव्या प्रमाणकाप्रमाणे काही नावं प्रोग्रामच्या पहिल्या अक्षरापासून ठाऊक असावी लागतात, आणि ती लायब्ररीलाच ठाऊक असतात. पण ज्या स्क्रिप्टा डॅश ई बरोबर "टिप्पण्या तशाच ठेव" असंही सांगत होत्या, त्यांच्या हाती अचानक आउटपुटच्या माथ्यावर ग्नू सी लायब्ररीची कॉपीराइट सूचना पडली. परवाना, हमी नसल्याचा खुलासा, सगळं साग्रसंगीत. पहिल्या ओळीत आकडा शोधणाऱ्या स्क्रिप्टला वकिलाची नोटीस मिळाली.

खरा घोळ 22 एप्रिल 2015 ला, जीसीसी 5.1 बरोबर आला. तो जवळून बघण्यासारखा आहे.

समजा एका स्क्रिप्टला एक्झिट_फेल्युअर या नावामागची किंमत हवी आहे. ती दोन ओळींची फाईल लिहिते. पहिल्या ओळीत एसटीडीलिब हेडर आत घ्यायचं. दुसऱ्या ओळीत एक खुणेचा शब्द, समजा "उत्तर", आणि त्याच्यापुढे एक्झिट_फेल्युअर. ही फाईल डॅश ई लावून प्रीप्रोसेसरमधून काढायची, ग्रेपने "उत्तर"पासून सुरू होणारी ओळ पकडायची, ऑकने तिच्यातला दुसरा शब्द उचलायचा. जुना जीसीसी छापायचा:

उत्तर 1

काम झालं. जीसीसी 5 पासून तेच असं छापलं जाऊ लागलं:

उत्तर
# 2 "टी.सी" 3 4
1

ओळीच्या पोटात ओळ घुसली. ग्रेपला "उत्तर"ची ओळ सापडते, पण तिच्यात उत्तर नाही. दुसरा शब्द म्हणून ऑकच्या हाती रिकामी हवा येते. आणि खरी गंमत, म्हणजे खरं दुखणं, ते इथे: स्क्रिप्ट ओरडत नाही. रिकामी हवा खिशात घालून ती पुढच्या प्रश्नाकडे जाते. पडद्यावर फार तर "नाही" असं उमटतं. मशीनमध्ये ती गोष्ट आहे, कंपायलरला ती माहीत आहे, आउटपुटात ती दोन ओळी खाली उघडी पडली आहे, आणि दप्तरी नोंद मात्र "नाही". मग तासाभराने तिसऱ्याच फाइलीत कंपायलर अडखळतो आणि माणूस तिथे डोकं आपटत बसतो.

त्या मधल्या ओळीचा अर्थ कळला की तिच्यावर राग धरवत नाही. 2 म्हणजे मूळ फाइलीतली ओळ, पुढे फाइलीचं नाव. 3 म्हणजे यानंतरचा मजकूर सिस्टिमच्या हेडरमधून आला आहे, वापरणाऱ्याने लिहिलेला नाही. 4 म्हणजे सी प्लस प्लसमध्ये असलात तरी याला साधी सी समजा. असल्या खुणा पूर्वीही असायच्या, पण फाईल बदलली की. आता त्या एकेका शब्दापाशी येऊ लागल्या. कारण सिस्टिमच्या हेडरमधल्या मजकुराबद्दल कंपायलर सहसा सूचना देत नाही. आपण लिहिलेलं नाही त्याबद्दल आपल्याला कशाला बोलायचं? पण सीकॅश किंवा डिस्टसीसीसारखी अवजारं आधी प्रीप्रोसेस करून घेतात आणि तो मजकूर नंतर, कधी दुसऱ्या मशीनवर, कंपाइल करतात. त्या प्रवासात कोणता शब्द घरचा आणि कोणता सिस्टिमचा ही माहिती गळून जायची, आणि निरपराध माणसाला फुकटच्या सूचना ऐकाव्या लागायच्या. ते टाळण्यासाठी ही खूण. म्हणजे बदल कोणाच्या तरी भल्यासाठीच झालेला. असे बदलच जास्त घोळ घालतात, कारण ते मागे घ्या असं म्हणायलाही तोंड राहत नाही.

याचा सगळ्यात गाजलेला बळी एनकर्सेस. टर्मिनलवर चौकटी, मेनू, रंग काढणारी ही लायब्ररी. लिनक्सच्या कर्नलची सेटिंग करायचा तो निळा मेनू हिच्याच जिवावर उभा राहतो. तिच्यात एक शेल स्क्रिप्ट आहे. कर्सेसच्या हेडरमधली बरीच नावं फंक्शनंही असतात आणि मॅक्रोही, म्हणजे हॅश डिफाईनने दिलेली टोपणनावंही, म्हणून ही स्क्रिप्ट हेडरचा मजकूर प्रीप्रोसेसरमधून काढते, सेडने विंचरते आणि त्यातून एक नवी सी फाईल जन्माला घालते. त्या हेडरमध्ये 'बूल' हा शब्द आहे आणि तो सिस्टिमच्या हेडरमधून येतो. झालं! एकेका बूलपाशी ओळ मोडली, सेडचं गणित चुकलं, आणि माऊस_ट्राफो नावाच्या फंक्शनपाशी कंपायलर म्हणू लागला की "इंट"च्या आधी कंस पूर्ण व्हायला हवा होता. ही चूक कुठे आहे म्हणून बघावं तर फाइलीचं नाव अंडरस्कोअर आणि पुढे पाचआकडी नंबर. ती फाईल डिस्कवर नाहीच. स्क्रिप्टने तात्पुरती बनवली, वापरली आणि पुसून टाकली. कोणी न लिहिलेल्या, आता अस्तित्वात नसलेल्या फाइलीतला कंस शोधत जगभरची किती माणसं फिरली असतील, देव जाणे. एनकर्सेसची 5.9 आवृत्ती 2011 ची, म्हणजे कंपायलरला चार वर्षांनी धाकटी सुबुद्धी सुचली आणि थोरलीच्या संसारात विघ्न आलं. वर्षानुवर्षं ही लायब्ररी सांभाळणाऱ्या थॉमस डिकी यांनी त्या स्क्रिप्टमध्ये 'डॅश पी' घातलं, म्हणजे "खुणा छापू नकोस" असा निरोप. दोन अक्षरांत काम झालं.

हे सगळं वर्गात रंगवून सांगत असताना धडगावकडचा एक मुलगा गालातल्या गालात हसत होता. विचारलं तर म्हणाला, "सर, हे तर माझ्या स्कॉलरशिपच्या फॉर्मसारखंच झालं." त्याच्या दाखल्यावर तालुका अक्राणी. सरकारी नाव तेच. पण तालुक्याचं गाव धडगाव, बसच्या पाटीवर धडगाव, चांदसैली घाट चढून जाणाऱ्या कोणाच्याही तोंडी धडगाव. ऑनलाइन फॉर्मच्या यादीत दोनपैकी एकच नाव होतं, आणि दाखल्याशी जुळत नाही म्हणून फॉर्म परत. वडिलांच्या जुन्या कागदावर जिल्हाच धुळे, कारण नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. देशातलं पहिलं आधार ज्या जिल्ह्यात, टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 ला वाटलं गेलं, तिथल्या मुलाला आपण कुठले हे कॉम्प्युटरला पटवता येईना! "मग काय केलंस?" मी विचारलं. "काय करणार सर, दोन्ही नावं एकाच तालुक्याची असं लिहून आणलं. शिक्का मारून." वर्गाला एवढं हसू आलं की मिरचीचा ठसका कोणाला आठवला नाही. मी मात्र त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत अशा विचारात होतो. मजकुराच्या दिसण्यावरून खरंखोटं ठरवणाऱ्या प्रोग्रामचं काय होतं, हे त्याला माझ्याआधी कळलेलं होतं. तेही घाटातल्या एसटीच्या तिकिटाच्या खर्चासकट.

जगातही अशी शिक्का मारून आणावी लागणारी प्रकरणं कमी नाहीत. फ्रीबीएसडी या प्रणालीच्या पहिल्या, 1993 च्या आवृत्तीत शेअर्ड लायब्ररीची सोय नीट नव्हती. म्हणून कॉन्फिगर स्क्रिप्टांत लिहून ठेवलं गेलं: नाव "फ्रीबीएसडी1"ने सुरू होत असेल तर शेअर्ड लायब्ररी नाही. बरीच वर्षं हे निवांत पडून राहिलं. मग आवृत्तीचा आकडा दहावर आला. 10 ची सुरुवातही 1 नेच होते. एकदम तरणीताठी प्रणाली हजारो स्क्रिप्टांच्या लेखी आजोबा झाली, आणि 10.0 जानेवारी 2014 मध्ये बाहेर पडेपर्यंत तिच्या माणसांना ते निस्तरावं लागलं. ज्याने ती अट लिहिली त्याला मी दोष देणार नाही. आपलं लिखाण दहाव्या आवृत्तीपर्यंत टिकेल असं कोणत्या प्रामाणिक माणसाला वाटतं?

आपल्याकडे ही पीडा वेगळ्या रूपात आली. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत सी शिकलेल्या कोणालाही बोरलँडच्या टर्बो सीचा निळा पडदा आठवेल. डॉसच्या जमान्यातलं हे अवजार आपण विंडोजच्या पाठीवर डॉसबॉक्स बांधून त्यात बसवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. प्रोग्राम म्हटलं की वर कोनिओ हेडर, आत सीएलआरएससीआर, शेवटी गेटसीएच. हाच सीचा नित्यनेम. तो प्रोग्राम घेऊन मुलगा लिनक्सवर आला की प्रीप्रोसेसर पहिल्याच ओळीला सांगतो, कोनिओ नावाची फाईल इथे नाही. मुलाला वाटतं लिनक्स बिघडलं. सी प्लस प्लसवाल्यांचं आयोस्ट्रीम-डॉट-एच तसंच: जीसीसी काही वर्षं समजावत राहिला की हे जुनं झालं, आणि 2008 च्या 4.3 मध्ये त्याने ती फाईलच काढून टाकली. आपली पाठ्यपुस्तकं त्यानंतरही ते छापत राहिली.

म्हणून मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं आणि या अजस्र कंपायलरच्या पोटात काय चालतं त्याच्या कार्यशाळा घेतल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपण जन्मभर ज्याचं आउटपुट चाचपून अंदाज बांधतो, त्याचं आतलं यंत्र उघडून बघता येतं, आणि तेही आपल्याच राज्यात, ही बातमी आमच्यापर्यंत पोचायला हवी तेवढी पोचली नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी जीसीसी येतो तो पेनड्राइव्हमधून, कार्यशाळेतून नव्हे.

चूक कोणाची, असा प्रश्न मुलं विचारतात, कारण परीक्षेत तो दोन गुणांना येईल अशी त्यांना आशा असते. माझं मत सांगतो. कंपायलरवाल्यांनी शब्द मोडला नाही, कारण दिलाच नव्हता. शिवाय नवी आवृत्ती आणताना काय बदललं आणि डॅश पी कुठे लावावं हेही लिहून ठेवलं. स्क्रिप्टवाल्यांनीही आळस केला असं म्हणवत नाही. जो मजकूर वर्षानुवर्षं एका चालीने चालत आला, त्याच्या चालीवर त्यांनी पाऊल टाकलं. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइटच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे: वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या प्रोग्रामच्या दिसेल त्या प्रत्येक लकबीवर कोणी ना कोणी विसंबून असतं, तुम्ही कागदावर काय लिहून दिलंय ते गौण. मला यात एकच भर घालायची आहे. विसंबून राहा, हरकत नाही, पण उत्तर रिकामं आलं तर ते "नाही" म्हणून लिहू नका. "कळलं नाही" म्हणायची सोय ठेवा. ऑटोकॉन्फच्या शेदोनशे प्रश्नांत "हो" आणि "नाही" उदंड आहेत. "कळलं नाही" क्वचितच भेटतं. सरकारी फॉर्मात तर तेवढंही नाही.

तेव्हा कोणाकडे एखादं जुनं, लाडकं सॉफ्टवेअर पडून असेल आणि नव्या कंपायलरवर ते कॉन्फिगर होत नसेल, तर आधी मशीनला शिव्या देऊ नका. कॉन्फिग-डॉट-लॉग नावाची फाईल उघडा. स्क्रिप्टने काय विचारलं आणि तिला काय ऐकू आलं, ते सगळं त्यात असतं. कुठे डॅश ई च्या पुढ्यात ग्रेप किंवा सेड बसलेला दिसला तर शेजारी डॅश पी घालून बघा. आणि नावामागची किंमतच हवी असेल तर चार ओळींचा प्रोग्राम लिहून ती छापून घ्या, 1991 मध्ये मॅकेन्झीने सुचवलं होतं तसं. ऑनलाइन फॉर्म बनवणाऱ्यांना मात्र डॅश पी पुरणार नाही. त्यांना एवढीच विनंती की तालुक्यांच्या यादीत अक्राणी आणि धडगाव ही दोन्ही नावं ठेवा.